‘सर्जिकल स्ट्राइक’ म्हापशाच्या बाजारात: बातमीतले लष्करी शब्द कुठे चालतात, कुठे नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हापशात पालिकेने बाजारातल्या फुटपाथवरच्या बेकायदा टपऱ्या हटवल्या, तुम्ही साधी सरळ कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, दिली आणि सकाळी पेपर उघडला तर वर मथळा ‘पालिकेचा सर्जिकल स्ट्राइक’. विचारलंत तर डेस्कवरून, म्हणजे मथळे लावणाऱ्यांकडून, उत्तर आलं की वाचकाला असंच लागतं. आता तुम्ही विचारताय की लष्करी शब्द बातमीत वापरणं चूकच का, आणि चूक असेल तर मग ‘मोर्चा’, ‘मोहीम’, ‘आघाडी’ हे पण काढायचे का, कारण ते काढले तर मराठीत बातमी लिहायची कशी.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. पंधरा वर्षं नौदलात होतो, सिग्नलच्या कामात, शेवटची काही वर्षं दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर. सुटल्यावर वास्कोतच राहिलो आणि पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर अठरा वर्षं काढली. म्हणजे हे शब्द मी आधी ज्यांच्यासाठी बनले त्यांच्यात राहून वापरले आणि नंतर मथळ्यात बसवले, दोन्ही केलंय.

सिग्नलमध्ये पहिली गोष्ट शिकवतात ती अशी, की एका शब्दाला एकच अर्थ. वायरलेसवर समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नाही, ‘से अगेन’ म्हणायचं, कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे मघाशी मारा केला तिथेच पुन्हा करा. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल, मी ऐकतोय. ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. सिनेमात आणि आता बातम्यांत पण ‘ओव्हर अँड आउट’ एकत्र म्हणतात त्याला काही अर्थच नाही, एकाच दमात उत्तर मागायचं आणि उत्तर नको पण म्हणायचं. ही शिस्त बातमीत जशीच्या तशी आणता येणार नाही हे मला मान्य आहे, बातमी म्हणजे सिग्नल नव्हे. पण त्या शिस्तीमागचं कारण बातमीलाही लागू आहे, ऐकणारा माणूस त्या शब्दावर भरवसा ठेवून काहीतरी करणार असतो.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘लष्करी शब्द चांगले की वाईट’ असा नाहीच असं मला वाटतं. तो शब्द बसवताना बातमीतली कुठली माहिती उडाली हे बघायचं. डेस्कवर इतकी वर्षं काढून मला हे एकच नक्की कळलंय, की असा शब्द रिकाम्या जागी येत नाही, तो कुठल्यातरी आकड्याच्या, तारखेच्या नाहीतर नावाच्या जागेवर बसतो.

आता ‘मोर्चा’चं बघूया. मोर्चा म्हणजे मूळ वेढ्यातली आडोशाची जागा, तिथून तोफा-बंदुका चालवायच्या, आणि असे मोर्चे बांधायचे ती मोर्चेबांधणी. बालेकिल्ला म्हणजे गडावरचा सगळ्यात उंच, आतला किल्ला. तटाला भगदाड पडलं की खिंडार. बिनी म्हणजे फौजेच्या पुढे चालणारी तुकडी, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा स्वार, ज्याला सरकारातून घोडा मिळायचा तो बारगीर. मराठी माणसाने तीनशे वर्षं गड आणि फौजा बघितल्या, त्यामुळे आपल्या साध्या बोलण्यात हे शब्द मुरलेत. आज ‘कदंबच्या बस चालकांचा मोर्चा’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यापुढे तोफ येत नाही, ‘पोलिओ लसीकरण मोहीम’ म्हटलं की कोणी घोडे मोजत नाही. त्या शब्दांचा जुना अर्थ विरला आणि नवा अर्थ पक्का झाला, सगळ्यांना सारखा कळतो, त्यामुळे ते काढायची काहीच गरज नाही. काढले तर उलट भाषा परकी वाटेल.

आणि गोव्यात राहून तर ‘लढा’ शब्दाला मी कधी हात लावणार नाही. आपल्याकडे ‘स्वातंत्र्यसैनिक’ म्हणतात ते बहुतेक जण निःशस्त्र होते, १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांच्या सभेला जे जमले त्यांच्या हातात काय होतं? तरी त्यांना सैनिक म्हणणं खरं आहे, कारण समोर पोर्तुगीजांची बंदूक होती आणि तुरुंग पण होता, सैनिकाइतकीच किंमत त्यांनी मोजली. शब्द उसना घेतला तरी तो पेलणारी माणसं मागे होती.

मग ‘सर्जिकल स्ट्राइक’ का खटकतो? २९ सप्टेंबर २०१६ ला लष्कराच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, दिल्लीत पत्रकार परिषदेत सांगितलं की नियंत्रण रेषेजवळच्या दहशतवाद्यांच्या लाँच पॅडवर, म्हणजे आत घुसण्याआधी ते जमतात त्या अड्ड्यांवर, आदल्या रात्री कारवाई केली. आपल्या गोव्याचे मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते म्हणून इथे ती बातमी जास्तच जवळची होती, त्या रात्री आमच्या डेस्कवर कोणी घरी गेलं नाही. पण त्या निवेदनात काय होतं ते नीट बघा: ठराविक जागा, ठराविक लक्ष्य, कारवाई थांबलेली आहे, पुढे चालू ठेवायचा विचार नाही, आणि तसं पाकिस्तानच्या डीजीएमओंनाही कळवलंय. शब्दाचा अर्थ यातच आहे. सर्जन जसा रोग झालेला तेवढाच भाग काढतो, आजूबाजूला हात लावत नाही, टाके घालून बाहेर येतो, तसं. मर्यादित असणं हाच त्या शब्दाचा जीव.

आणि दीड महिन्यात, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली तेव्हा लगेच ‘काळ्या पैशावर सर्जिकल स्ट्राइक’ सुरू झालं. नोटाबंदी बरोबर की चूक हा वाद मी इथे करत नाही, शब्दापुरतं बोलतो. चलनात असलेल्या पैशापैकी किमतीने साधारण ८६ टक्के नोटा एका रात्रीत रद्द झाल्या, मासे विकणारणीपासून खाणवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या हातातल्या. जी गोष्ट सगळ्यांना लागते तिला सर्जिकल म्हणणं म्हणजे अर्थ उलटा करणं. पण शब्द चढला, आणि त्यानंतर वीज खात्याची थकबाकी असो की जेसीबी लावून पाडलेली टपरी असो, सगळंच सर्जिकल स्ट्राइक झालं.

तुमच्या म्हापशाच्या बातमीत मला काय वाचायचं होतं? किती टपऱ्या हटवल्या, नोटीस कधी दिली, कोणत्या कायद्याखाली, फेरीवाल्यांत परवानावाले किती होते, त्यांना दुसरी जागा दिली का, सामान जप्त केलं ते परत कसं मिळणार. यातलं तुमच्या कॉपीत बरंच असणार. मथळ्यात एक तरी गोष्ट यायला हवी होती, तिथे एक शब्द आला ज्याने वाचकाला फक्त एवढंच कळलं की कोणाला तरी आवडलं.

‘युद्धपातळीवर’ हा तर त्याहून जुना रोग. चवथ जवळ आली की दरवर्षी ‘साबांखातर्फे खड्डे बुजवण्याचे काम युद्धपातळीवर’ (साबांखा म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं). मी नव्या मुलांना एकच करायला सांगायचो, तो शब्द खोडा आणि त्या जागी साधा प्रश्न लिहा: किती माणसं, किती मशिनं, रात्रपाळी आहे का, कोणत्या तारखेपर्यंत. उत्तर मिळालं तर तेच छापा, ‘चतुर्थीपूर्वी १२ किलोमीटरचे डांबरीकरण, दोन पाळ्यांत काम’ असं काहीतरी, आणि उत्तर मिळालं नाही तर तीच बातमी, की खात्याकडे तारीख नाही. बहुतेक वेळा हा शब्द प्रेसनोटमधून येतो आणि त्याचा उपयोग नेमका तारीख न द्यायला होतो.

म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या वादाचं तसंच. ‘म्हादईसाठी आरपारची लढाई’, ‘पाणीयुद्ध पेटले’ असे मथळे मी स्वतः दिलेत, आणि आज मला ते चुकीचे वाटतात. भावना खोटी होती म्हणून नव्हे, नदी आमचीच आहे आणि तिच्यासाठी जीव तुटतो तो खराच. पण १४ ऑगस्ट २०१८ ला लवादाने निवाडा दिला तेव्हा गोव्याला २४ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ असं वाटप झालं, आणि हे तीन आकडे आजही रस्त्यावरच्या दहा जणांना विचारले तर किती जण सांगतील? युद्ध म्हटलं की वाचक बाजू घेऊन मोकळा होतो, टीएमसी म्हणजे काय आणि पाणी वळवलं तर खाली कुठपर्यंत खारट पाणी चढेल हे विचारायचं राहून जातं. म्हादईची बाजू आकड्यांत मजबूत आहे, ती आरोळीत कशाला बुडवायची.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात नुकसान माहितीचं आहे. पण काही शब्द माणसांवर जातात, तिथे मी जास्त कडक आहे.

‘घुसखोरी’ हा सीमेवरचा शब्द, चोरून, बहुतेक वेळा हत्यार घेऊन आत येणं. तो ‘किनाऱ्यावर परप्रांतीय विक्रेत्यांची घुसखोरी’ असा येतो तेव्हा कळंगुटला मणी विकणारी बाई एका शब्दात शत्रू होते. परवाना नसेल तर ‘विनापरवाना’ लिहा, पंचायतीने बंदी घातली असेल तर बंदी लिहा, दोन्ही गोष्टी तपासता येतात. ‘आक्रमण’, ‘टोळधाड’, ‘वेढा’ हे पण तसेच. गोव्यात बाहेरून येणाऱ्यांबद्दल लोकांच्या मनात खरी काळजी आहे, जमिनी जातायत, भाषा जातेय, ते मी नाकारत नाही, मी पण ह्याच गावात राहतो. काळजी मांडायची तर जमिनीच्या रूपांतराचे सर्व्हे नंबर मांडा, माणसाला सैनिक करून मांडू नका, कारण एकदा सैनिक म्हटलं की त्याच्याशी काय करायचं ते वाचकाला आपोआप सुचतं.

आणि ‘चकमक’. पोलिसांची प्रेसनोट येते, ‘चकमकीत एक ठार’, आणि ती तशीच छापली जाते. चकमक म्हणजे दोन्हीकडून झडलेली. दोन्हीकडून गोळ्या झाल्या का हे आपल्याला त्या रात्री माहीत नसतं, तो पोलिसांचा दावा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी झाली पाहिजे म्हणून नियम घालून दिले ते उगाच नाही. म्हणून ‘पोलीस गोळीबारात एक ठार, चकमक झाल्याचा पोलिसांचा दावा’ असं लिहायचं, दोन शब्द जास्त जातात, जाऊ देत. आपण गोवेकरांना हे वेगळं समजवायला नको. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रही हद्द ओलांडून आत आले, हातात झेंडा, आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्याला कोणी ‘पत्रादेवीची चकमक’ म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल? मेलेल्यांच्या हातात न दिसलेली बंदूक त्या एका शब्दाने येते.

आता उलटी बाजू पण सांगायला हवी, कारण लोक तिच्याकडे बघत नाहीत. साध्या गोष्टीला युद्धाचं नाव देणं जसं चूक तसं युद्धाला साधं नाव देणं पण असतं, आणि ते बहुतेक वेळा मुद्दाम असतं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, हैदराबादवर रणगाड्यांसह फौज गेली, मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखाली, लष्करात तिचं नाव ऑपरेशन पोलो, आणि जगाला सांगितलं ‘पोलीस कारवाई’. मराठवाड्यातले जुने लोक आजही ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. तेच चौधरी १९६१ ला दक्षिण कमांडचे प्रमुख होते जेव्हा ऑपरेशन विजयमध्ये गोव्यात फौज आली. ऑक्टोबर १९६२ मध्ये केनेडींनी क्युबाभोवती नौदल लावलं तेव्हा त्याला ब्लॉकेड न म्हणता ‘क्वारंटाइन’ म्हटलं, कारण नौदलाची नाकेबंदी ही आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाची कृती धरतात. २०१९ ला पाकिस्तानात बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर आपल्या परराष्ट्र सचिवांनी वापरलेले शब्द होते ‘नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह ॲक्शन’, म्हणजे विमानं हवाई दलाची होती पण लक्ष्य पाकिस्तानी लष्कर नव्हतं, हे सांगायचं होतं. अशा निवेदनातला प्रत्येक शब्द कोणीतरी रात्रभर बसून निवडलेला असतो, आणि आम्ही डेस्कवर पाच मिनिटांत त्याचा ‘जोरदार प्रहार’ करतो.

नाकेबंदीचंच बघा. पत्रादेवी, दोडामार्ग, मोले, पोळे इथे पोलीस गाड्या अडवून तपासतात ती आपली रोजची ‘नाकाबंदी’, त्यात काही चूक नाही, पोलिसांचा तोच शब्द आहे. पण १९५५ नंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हाच्या गोष्टी घरातले जुने लोक सांगतात, बटाटे हॉलंडहून यायचे, पलीकडच्या नातेवाइकांना भेटता येत नव्हतं. उच्चार जवळजवळ एकच, अर्थ किती लांब. अशा वेळी मथळ्यात कोणाची, कशाची, कुठे हे घातल्याशिवाय तो शब्द सोडायचा नाही.

थोडं खऱ्या लष्करी बातम्यांबद्दल, कारण तिथे चूक झाली तर ती कोणाच्या तरी घरात जाऊन पडते. माझ्या डेस्कवरच्या दुसऱ्या वर्षी रात्री साडेअकराला वृत्तसंस्थेची इंग्रजी तार आली, त्यात इतके ‘कॅज्युअल्टी’ असं होतं, आणि मी ‘इतके ठार’ केलं. कॅज्युअल्टी म्हणजे मेलेले, जखमी, बेपत्ता सगळे मिळून, लढाईच्या किंवा कामाच्या बाहेर गेलेले. नौदलात पंधरा वर्षं काढून मला हे माहीत होतं, घाईत हात चुकला. दुसऱ्या दिवशी एका जखमी मुलाच्या वडिलांचा फोन आला. ते रागावले नाहीत, फक्त विचारत होते की तुमच्याकडे काही नवीन कळलंय का, कारण हॉस्पिटलवाले तर तो जिवंत आहे म्हणतायत. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक चिठ्ठी असायची, कॅज्युअल्टी म्हणजे ठार नव्हे. आपल्या जवळचं उदाहरण घ्या, १८ डिसेंबर १९६१ ला काणकोणच्या पुढच्या अंजदीव बेटावर नौदलाचे ७ जण मारले गेले आणि १९ जखमी झाले. कॅज्युअल्टी २६. तिथे ‘२६ ठार’ लिहिलं तर १९ घरांत काय होईल?

‘लष्कर’ म्हणजे भूदल. नौदल, हवाई दल त्यात येत नाही, तिन्ही मिळून सशस्त्र दलं. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली आहे पण ते नौदल नव्हे. सीआरपीएफ, बीएसएफ ही गृह मंत्रालयाची केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं, त्यामुळे निवडणुकीला त्यांच्या कंपन्या गोव्यात आल्या की ‘लष्कर तैनात’ लिहू नका, लोक घाबरतात आणि खोटंही आहे. कंपनी म्हणजे साधारण शंभर जणांच्या आसपास, हेही एका ओळीत सांगा. आम्ही सगळ्यालाच ‘तुकडी’ म्हणतो, दहा माणसांच्या सेक्शनला पण तुकडी आणि हजारोंच्या डिव्हिजनला पण तुकडी. गोव्यात १९६१ ला १७ इन्फन्ट्री डिव्हिजन आणि ५० पॅरा ब्रिगेड आली होती, त्याचं ‘दोन तुकड्या आल्या’ करून बघा, सगळा इतिहास पोलीस चौकीएवढा होतो.

हुद्द्यांचं फार लांबवत नाही. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा आणि लष्करातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चुका टळतात.

वास्कोत राहणाऱ्याला सतावणारी गोष्ट म्हणजे जहाजं. गोवा शिपयार्डमध्ये जहाज पाण्यात सोडतात ते जलावतरण. तेव्हा फक्त सांगाडा तरंगायला लागलेला असतो, यंत्रं, हत्यारं, चाचण्या सगळं पुढे, त्याला कितीतरी महिने, कधी वर्षं जातात. त्यानंतर कमिशनिंग, म्हणजे नौदलात दाखल, आणि तेव्हापासून नावाआधी आयएनएस. २३ जुलै २०२४ ला ‘त्रिपुट’ फ्रिगेटचं जलावतरण झालं आणि २२ मार्च २०२५ ला ‘तवस्य’चं. अशा दिवशी ‘युद्धनौका नौदलात दाखल’ असा मथळा दिला तर शेजारच्या वेल्डिंगवाल्या पोराला पण कळतं की पेपरवाल्यांना काही माहीत नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी त्याच जहाजावर कामाला जाणार असतो.

‘शहीद’ विषयी नेहमी विचारतात. सरकारी लष्करी कागदात हा शब्द नाही, तिथे बॅटल कॅज्युअल्टी असते, आणि संरक्षण व गृह मंत्रालयांनी ते २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलंही आहे. मी डेस्कवर ‘वीरमरण’ किंवा ‘हुतात्मा’ खोडायचो नाही, कुटुंबाला आणि गावाला जे वाटतं ते बातमीत आलं पाहिजे. फक्त कसा मृत्यू झाला ते खरं लिहायचं. सरावात अपघात झाला असेल तर अपघात, हृदयविकार असेल तर हृदयविकार. नोकरीवर असताना गेलेल्या मुलाचा मान त्याने कमी होत नाही. यावर तुमच्या संपादकांचं मत वेगळं असू शकतं आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही.

आणि ‘युद्धविराम’, ‘शस्त्रसंधी’. दोन आमदारांचं भांडण मिटलं की ‘युद्धविराम’, ते एक वेळ चालेल. पण खऱ्या बातमीत नुसतं नाम टाकू नका, काय ठरलं ते वाक्य टाका. १० मे २०२५ ला सांगितलं गेलं ते असं, की संध्याकाळी ५ पासून भारत आणि पाकिस्तान दोन्ही बाजू जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवतील. यात शांतता करार नाही, वाद मिटला असंही नाही. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, शांतता करार अजून झालेला नाही. आणि काश्मीरमधली नियंत्रण रेषा ही आंतरराष्ट्रीय सीमा नाही, ती १९४९ च्या शस्त्रसंधी रेषेच्या जागी १९७१ च्या युद्धानंतरच्या शस्त्रसंधीतून आलेली आणि १९७२ च्या सिमला करारानंतर आखलेली रेषा, म्हणून ‘सीमेवर गोळीबार’ लिहिण्याआधी कुठली रेषा ते विचारा.

त्या मे महिन्याचं सांगतो म्हणजे मी एवढा का तळमळतो ते कळेल. ७ मेला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल होतं आणि त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. आमच्या इमारतीत खाली राहणारी मावशी, मुलगा जहाजावर, टीव्ही लावून बसलेली, आणि टीव्हीवर दर दहा मिनिटांनी सायरन. मला विचारायला वर आली की हा आपल्याकडचा की टीव्हीतला. मला पण खिडकी उघडून ऐकावं लागलं तेव्हा उत्तर देता आलं. नंतर सरकारने चॅनेलांना सांगितलं की हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज कार्यक्रमात वापरू नका, लोकांना त्याची सवय झाली तर खरा वाजेल तेव्हा कोणी हलणार नाही. मावशीला तर सवय पण झाली नव्हती, ती नुसती थरथरत होती. मी तेव्हा विचार करत होतो की आम्ही मथळ्यात इतकी वर्षं दर आठवड्याला हाच सायरन वाजवलाय, फुटपाथसाठी, खड्ड्यांसाठी, नगरसेवकांच्या भांडणासाठी, आणि आज तिला खरं काय झालंय हे सांगायला आमच्याकडे कोरा शब्द शिल्लक नाही. युद्धपातळीवर, हल्ला, स्ट्राइक, रणकंदन, सगळे वापरून झालेले.

म्हणून तुम्हाला माझं म्हणणं असं. जुने विरलेले शब्द बिनधास्त वापरा. ताजे, ज्यांचा खरा अर्थ अजून जिवंत आहे ते खऱ्या ठिकाणासाठी ठेवा. माणसांना शत्रू करणारे अजिबात नकोत. मधले बरेच असतात, ‘बालेकिल्ल्याला खिंडार’, ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’, ते निवडणुकीच्या पानावर शोभतात, कोणाचं नुकसान होत नाही, फक्त पाच बातम्यांत पाच वेळा नको. आणि हे सगळं पेपर कुठला, पान कुठलं, जागा किती यावर पण आहे, सहा कॉलम मथळ्यात जे जमतं ते एक कॉलममध्ये जमत नाही.

डेस्कशी वाद घालून उपयोग होत नाही, मी डेस्कवरचा माणूस आहे म्हणून सांगतो. रात्री दहाला समोर वीस कॉप्या असतात, मथळा सुचत नाही, तेव्हा हातात जो शब्द येतो तो बसतो. कॉपीबरोबर स्वतः दोन मथळे लिहून पाठवा, एक लांब एक छोटा, आकडा घातलेले, म्हणजे ‘म्हापसा बाजारातील इतक्या टपऱ्या हटवल्या’ आणि खाली ‘नोटीस मिळालीच नाही, विक्रेत्यांचा दावा’, जर तसा दावा असेल तर. आयता चांगला मथळा मिळाला तर दहापैकी सात वेळा डेस्कवाला तोच घेतो, निदान मी घ्यायचो.

आणि त्या बातमीचा पुढचा भाग अजून कोणी दिलेला दिसत नाही. शुक्रवारच्या बाजाराला ते टपरीवाले कुठे बसले, सामान परत मिळालं का, पालिकेने जागा दाखवली का, ते बघून या आणि लिहा.